क्लच नसलेल्या गाडीचा क्लच

आमच्या गाडीला, म्हणजे स्कूटरला, क्लच नाही, यावर घरात कधीच दुमत नव्हतं. ती घेतलीच मुळी त्यासाठी. सौ. शाळेत जाताना नेणार, मी बाजारात नेणार, मेहुणा आला की विचारून किंवा न विचारता नेणार. यातल्या कुणालाही डाव्या हाताने काही दाबत बसायला लागू नये, एवढीच अट. शोरूममधल्या पोराने "गिअर नाही, क्लच नाही, फक्त पिळायचं" असं सांगितलं आणि आम्ही कंदी पेढे वाटून मोकळे झालो. मग बरीच वर्षं गाडी पिळली. साताऱ्यात पिळायला चढांची काही कमतरता नाही. पोवई नाक्यावरून वर यायचं म्हटलं की मूठ आपोआप वळते.

आणि एका पावसाळ्यात गाडी सुटताना थरथरायला लागली.

उभी असताना काही नाही. वेगात असताना काही नाही. मधला तो जो दोन सेकंदांचा निघण्याचा काळ असतो, तेवढ्यातच सगळी गाडी हँडलपासून नंबरप्लेटपर्यंत गदगदा हलायची. पुढच्या हुकाला अडकवलेल्या पिशवीतून कोथिंबीर उड्या मारायची. मागे बसलेलं माणूस साधं "दूध घ्यायचंय" म्हणालं तरी त्याची लांबलचक तान होऊन कानावर यायची.

"अहो, हे तुम्ही बसल्यावरच होतं. मी एकटी असते तेव्हा काही होत नाही," असं सौ.ने जाहीर केलं. मी तो टोमणा समजून सोडून दिला. तो टोमणाच होता. पण पुढे कळलं की शास्त्रालाही धरून होता. ओझं जास्त असलं की ही थरथर जास्त जाणवते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची ओपीडी भरली. एकाने टायर दाबून पाहिला. एकाने झाकण उघडून टाकीत डोकावलं, वास घेतला आणि "इथेनॉल" एवढंच म्हणाला. पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्यापासून आमच्याकडे कुठल्याही बिघाडाला दुसरं कारण उरलेलंच नाही. परवा लिफ्ट अडकली तेव्हाही एक आवाज तोच होता. वरच्या मजल्यावरचे काका मात्र काही न बोलता घरी गेले आणि तेलाची बुधली घेऊन आले. काकांचा तेलावर विश्वास आहे. दाराची बिजागरी, पंखा, शिलाई मशीन, नातवाची सायकल, सगळ्यांत त्यांनी तेल सोडलेलं आहे. "डावीकडचं कव्हर जरा सैल करा, दोन थेंब सोडू. थरथर म्हणजे कोरडेपणा." मी बुधली खिशात घालायला लावून त्यांना चहाला वर नेलं. त्या दिवशी पाजलेल्या चहाने माझे किती पैसे वाचले, ते नंतर समजलं.

गाडी मिस्त्रीकडे नेली. सकाळी घरून निघताना ती इतकी हलली की आरशात मला माझेच दोन चेहरे दिसले. मिस्त्रीच्या दारात पोहोचेपर्यंत ती शहाण्या मुलीसारखी वागायला लागली होती. मिस्त्रीने चक्कर मारली, "सर, गाडी ए-वन आहे" म्हणाला आणि किल्ली हातात दिली. हा अनुभव सगळ्यांना असतो आणि सगळे तो नशिबावर ढकलतात. पण त्याला सरळ कारण आहे. रात्रभराच्या दमट हवेने आतल्या ड्रमवर ओल आणि किंचित गंज धरतो. सकाळी पहिल्या काही सुरुवातींना पकड वेडीवाकडी बसते, मग घासून आणि तापून तो थर जातो आणि गाडी सुतासारखी सरळ. त्यामुळे मिस्त्रीला रोग दाखवायचा तर त्यालाच सकाळी घरी बोलवायला हवं. तो आला. गाडी हलली. तो गाडीवर बसल्या बसल्याच म्हणाला,

"क्लच."

"मिस्त्री, या गाडीला क्लच नाही."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "सर, क्लच नसता तर बटन दाबल्या दाबल्या तुमची गाडी जिना चढली असती."

यावर उत्तर नव्हतं. इंजिन चालू आहे आणि चाक थांबलेलं आहे, याचा अर्थ मधे कुणीतरी हात सोडून उभं आहे. इतकी वर्षं ते कोण, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

डावीकडचं लांबडं कव्हर उघडायला आठ नंबरचा टी-पाना लागतो. बोल्ट पुष्कळ, आणि सगळे एका लांबीचे नाहीत. गॅरेजमधल्या पोरग्याने ते काढून जमिनीवर कव्हरच्याच आकारात मांडले, तेव्हा हा मुलगा पुढे जाणार हे मी ओळखलं. आतून काळी भुकटी पडली. थोडी इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या बेल्टची, बरीचशी क्लचची. पोरगं फुंकर मारायला वाकलं तसं मिस्त्रीने त्याला मागे खेचलं. जुन्या लायनरांत, म्हणजे क्लचच्या घासणाऱ्या अस्तरांत, अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि नव्यांतलीही धूळ काही छातीत घेण्यासारखी नसते. तोंडाला रुमाल बांधून ब्रशने झाडायची, हे त्या गॅरेजचं शिस्तीचं काम मला आवडलं. एरवी तिथे शिस्तीचं म्हणावं असं फक्त देवाचं कॅलेंडर होतं.

मग तो दिसला. मागच्या पुलीला धरून फिरणारी एक प्लेट. तिच्यावर पिनांभोवती हलणारे तीन कमानदार तुकडे, म्हणजे शू, त्यांच्या पाठीवर लायनर. तिघांना आत ओढून धरणाऱ्या तीन बारक्या स्प्रिंगा. आणि या सगळ्यावर झाकणासारखा बसणारा पोलादी ड्रम, ज्याला मिस्त्री लोक बेल म्हणतात. चाक जोडलेलं असतं ते या बेलला. इंजिन नुसतं गुरगुरत असतं, मिनिटाला साधारण दीड-पावणेदोन हजार फेरे, तोवर राज्य स्प्रिंगांचं. शू आत, बेल थंड, चाक थांबलेलं. मूठ पिळली, फेरे तीन हजारांच्या आसपास गेले, की स्प्रिंगांचं चालेनासं होतं. गोफणीतल्या दगडासारखे शू बाहेर झेप घेतात आणि बेलला आतून घट्ट धरतात. फेरे दुप्पट झाले की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, त्यामुळे एकदा पकड बसली की बसली. पण ती बसण्याआधी शू क्षणभर बेलवर घसरतात. गिअरच्या गाडीवर आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो आणि डाव्या हाताच्या बोटांनी जपून सांभाळतो, ते काम इथे हे तिघं कुणाला न सांगता करत असतात.

आमच्या तिघांची पाठ आरशासारखी चकाकत होती. तापून तापून लायनरवर गुळगुळीत थर चढला होता आणि बेलला आतून निळसर डाग पडले होते. असा शू धरतो, सुटतो, धरतो, सुटतो. तीच ती थरथर.

"असं का झालं?" मी विचारलं.

"चढाला ब्रेक न दाबता गाडी रेसवर धरून कोण उभं राहतं?"

मी आणि सौ. एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी म्हणालो, "भाऊ." भाऊ म्हणजे तिचा, म्हणजे माझा मेहुणा. चढाच्या सिग्नलला तो ब्रेक दाबत नाही. मूठ अर्धी पिळून गाडी जागच्या जागी तोलून धरतो आणि त्याला कंट्रोल म्हणतो. तेवढा वेळ शू बेलवर नुसते भाजत असतात.

आता उपाय. मिस्त्रीचं मत, पूर्ण असेंब्ली बदला. मिस्त्रींचं मत नेहमी असेंब्लीकडे झुकतं. पण लायनरची जाडी भरपूर शिल्लक होती आणि बेलला आत चर पडलेली नव्हती, म्हणून मी घासण्याचा आग्रह धरला. पोरग्याने पॉलिश पेपर घेतला आणि चकाकी जाऊन मळकट रंग येईपर्यंत तिन्ही पाठी तिरक्या हाताने घासल्या, मग बेल आतून. पिनांना नखाएवढं ग्रीस, तेही उरलेलं पुसून. या ठिकाणी तेला-ग्रीसचा एक थेंब जरी लायनरवर गेला तरी शू कामातून गेला, असं मिस्त्री म्हणाला, आणि मला काकांची बुधली आठवून घाम फुटला.

बेलचा नट एकोणीसचा, तो एअर गनने चुटकीसरशी निघतो. त्याच्या आतला क्लचचा मोठा नट एकोणचाळीसचा, आणि त्याच्यामागे पुलीची जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. नट काढताना क्लच वरून दाबून धरला नाही तर तो छताकडे निघतो. मिस्त्रीने गुडघ्याने दाबून धरला. तिथे उभा असलेला प्रत्येक ग्राहक मात्र तेवढ्यात एकेक पाऊल मागे सरला. सगळ्यांना कधी ना कधी अनुभव असावा.

तीन बारक्या स्प्रिंगांपैकी एक लांबली होती. मिस्त्रीने तेवढीच बदलली. "बाकीच्या दोन चांगल्या आहेत, कशाला खर्च?" असेंब्लीचा आग्रह धरणारा माणूस स्प्रिंगेवर काटकसर करतो, हे मला आजही समजलेलं नाही. झालं असं की नवी स्प्रिंग ताठ, जुन्या दोघी मवाळ. दोन शू लवकर बाहेर यायचे, तिसरा मागाहून. गाडी आता थरथरत नव्हती, दचकत होती. पुन्हा तेच आठ नंबरचे बोल्ट, पुन्हा कव्हरचा आकार, आणि तिन्ही स्प्रिंगा एकदम नव्या.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. पावसात बंद पडू नये म्हणून मिस्त्रीच्या पोरग्याने कार्बोरेटरचा आयडलिंगचा स्क्रू जरा वर घेतला होता. इंजिन उभ्या उभ्या इतकं फिरायला लागलं की शू अर्धवट बाहेरच राहायचे. पोवई नाक्याला मी ब्रेक दाबून उभा, आणि गाडी पुढच्या रिक्षाच्या आत जाऊन बसायला बघतेय. रिक्षावाल्याने मागे वळून "काका, घाई असंल तर बसा की आत" असंही सुचवलं.

एकदा तर बॅटरीच झोपली आणि किकही दाद देईना. समर्थ मंदिराजवळ उभा होतो. सातारकर मदतीला कधी मागे नसतो, तीन पोरं आली, "बसा तुम्ही, धक्का देतो." मी सांगून पाहिलं की या गाड्या धक्क्याने चालू होत नाहीत. चाक फिरलं तर फक्त बेल फिरते, शू आत गप्प बसलेले असतात, इंजिनपर्यंत काही पोहोचतच नाही. पण तोवर उतार सुरू झाला होता. पोरं धावत होती, मी हँडल धरून होतो, रस्त्यातले लोक "दुसऱ्यात टाका, दुसऱ्यात!" म्हणून ओरडत होते. राजवाड्यापर्यंत गाडी झकास गेली, इंजिन चालू न होता.

हे काकांना सांगितलं तर ते प्रसन्न झाले. त्यांचा काळ लुनाचा. कायनेटिकची लुना १९७२ साली आली, ५० सीसीची, आणि क्लच तिलाही असाच, आपोआप लागणारा. पण तिला पेडल होतं! इंजिन रुसलं तर सायकल, चढ दमवायला लागला तर पेडल मारून मदत. काकांनी तिच्यावर पुढे गव्हाचं पोतं आणि मागे काकू अशी वर्षं काढली. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, बटनावर चालू होणारी, बेल्ट-पुलीची. काकांच्या मते माणसाच्या पायातला जोर तिथून गेला. माझ्या क्लचचा दोषही त्यांनी त्या बटनावरच टाकला आणि पुन्हा बुधलीचा विषय काढला.

मेहुण्याचं ज्ञान वेगळ्या वाटेने आलेलं. त्याच्या शेतावर गवत कापायचं मशीन आहे, ते ब्रश कटर. इंजिन हळू असताना पातं फिरत नाही, रेस दिली की फिरतं, म्हणजे क्लच तोच, फक्त शू बहुधा दोन. "दाजी, आमच्यात हे मी हातानं बदलतो. तुम्ही उगाच मिस्त्रीच्या नादी लागता." एवढं कळणारा माणूस चढावर गाडी रेसवर का धरतो, असं मी विचारलं. "ते शेतातलं. ही तुमची गाडी," असं प्रामाणिक उत्तर मिळालं.

गाडी आता छान निघते. मागचं माणूस सरळ बोलतं, कोथिंबीर पिशवीत राहते. काल रविवार म्हणून मेहुणा ती यवतेश्वरच्या घाटात फिरवून आला, मागे बायको, पुढे पोरगं. किल्ली टेबलावर ठेवत म्हणाला, "दाजी, काय पिकअप झालाय! फक्त वरच्या वळणाला जरा काहीतरी जळल्यागत वास आला. तुम्ही इथेनॉलचं बघा एकदा."