डोळ्यातलं ते पाणी शिळं होत नाही, आणि रडून बाहेरही पडत नाही

एक मजकूर सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. म्हणणं असं: डोळ्याच्या पुढच्या भागात घाण पाणी साचतं, शिळं होतं आणि त्यातून काचबिंदू होतो. उपाय म्हणून रोज सकाळी एका दमात लिटरभर पाणी प्यायचं, मिटलेले डोळे दाबून चोळायचे, अधूनमधून रडून घ्यायचं. डॉक्टरांचे थेंब महिन्याभरात सुटतात म्हणे. माझ्या आईला काचबिंदू आहे. हे वाचून तिने तीन आठवडे थेंब घातले नाहीत आणि मला ते कळलं तपासणीच्या दिवशी, डोळ्यातला दाब चढलेला निघाल्यावर. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पाणी साचून शिळं होतं.’ या द्रवाला ॲक्वियस ह्यूमर म्हणतात. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे सिलिअरी बॉडी नावाचं कडं असतं, तिथे तो रक्तापासून तयार होतो. भिंगावरून, बाहुलीतून तो पुढच्या कप्प्यात येतो आणि रंगीत पडदा कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, मिळतो त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून, श्लेमच्या नलिकेवाटे पुन्हा रक्तात जातो. पुढच्या कप्प्यात तो असतो जेमतेम पाव मिलिलिटर, म्हणजे औषधाचे चार-पाच थेंब. मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर नवा द्रव येत राहतो, त्यामुळे दीड-दोन तासांत सगळा बदलून जातो. शिळं व्हायला त्याला सवडच मिळत नाही.

यातलं एक मात्र खरं आहे. बाहेर जायची वाट अडली की दाब वाढतो आणि मागच्या नेत्रतंतूंना इजा होते. पण बिघाड त्या वाटेत असतो, पाण्यात नाही.

‘ते घाण असतं.’ हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. भिंगात आणि कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर प्रकाश नीट आत गेलाच नसता. रक्ताचं काम तिथे हे पाणी करतं. साखर आणि प्राणवायू पोचवतं, टाकाऊ पदार्थ घेऊन जातं, शिवाय डोळ्याचा गोल ताठ ठेवतं. त्यात क जीवनसत्त्व रक्तातल्यापेक्षा वीसेक पट असतं आणि प्रथिनं जवळजवळ नसतात. एकदा डॉक्टरांनी मला यंत्रातून आईचा डोळा पाहू दिला. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची तिरकी पट्टी कॉर्नियावर उजळली, मग एकदम भिंगावर. मधे नुसता काळोख. तिथे पाणी आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं, इतकं ते नितळ! आतून सूज आली तर याच जागी, फटीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगावी तशा पेशी दिसतात, असं ते म्हणाले.

‘रडलं की दाब उतरतो.’ अश्रू वेगळे. ते वरच्या पापणीआडच्या ग्रंथीत तयार होतात, डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पसरतात आणि नाकात उतरतात. थेंब घातल्यावर थोड्या वेळाने घशाशी कडवट चव येते ना, ती याच वाटेने. म्हणून तर थेंबानंतर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दाबून धरायला सांगतात. आतल्या पाण्याला या वाटेने जाता येत नाही.

‘एका दमात लिटरभर पाणी प्या.’ याचा परिणाम नेमका उलटा होतो. एकदम एवढं पाणी प्यायलं की डोळ्याचा दाब काही काळ वाढतो. काचबिंदूच्या तपासणीत ही युक्ती मुद्दाम वापरतात. दिवसभरात थोडं थोडं पाणी पिण्याला कोणाचीच हरकत नाही.

‘डोळे चोळा.’ दाबताना आतला दाब उलट वाढतो, सोडल्यावर क्षणभर उतरतो आणि पुन्हा होता तिथे येतो. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला तर डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय बोट लावू नये.

‘दुखत नसेल तर थेंब कशाला?’ नेहमी आढळणारा काचबिंदू दुखतच नाही. नजर बहुधा कडेकडेने जाते, एका डोळ्याचं उणं दुसरा झाकतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. दाब १० ते २१ मिलिमीटर (पाऱ्याचे) या नेहमीच्या पट्ट्यात असूनही काहींचे तंतू झिजतात. टिमोलॉलसारखे थेंब पाणी कमी तयार होऊ देतात, लॅटानोप्रोस्टसारखे ते बाहेर जायला मदत करतात. बंद केले की हळूहळू दाब पूर्ववत होतो. आईचं तेच झालं.

दुखणारा प्रकारही आहे. त्यात पाणी बाहेर जायचा तो आतला कोपरा अचानक बंद होतो: डोळा लाल, कपाळ ठणकतं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. उलट्यांमुळे माणूस पोटाचं औषध घेत बसतो. असं झालं तर सकाळ व्हायची वाट न पाहता, त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.