ब्रेकच्या व्हॅक्यूमचा विचार आधी व्हावा

सत्तरच्या दशकातल्या फोर्ड एफ-१०० पिकअपमधले पेट्रोलचे व्ही-८ इंजिन काढून तिथे कमिन्सचे ३.९ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन घरच्या गॅरेजमध्ये कसे बसवले, हे इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. मात्र ब्रेकविषयी लेखात एक ओळही नसावी, ही उणीव मला गंभीर वाटते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेमुळे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) जो व्हॅक्यूम तयार होतो, त्यावर पायाचा जोर वाढवून देणारा ब्रेक बूस्टर चालतो, आणि या डिझेल इंजिनाला तसा थ्रॉटलच नसल्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. माझ्या भावाच्या पिकअपमध्ये आम्ही नेमके हेच विसरलो होतो. अंगणातून गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना पेडल दगडासारखे कडक लागले आणि फाटकापाशी ती थांबवायला मला दोन्ही पायांचा जोर लावावा लागला. पुढच्या स्प्रिंगाही तपासून घ्याव्यात, कारण हे इंजिन साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. शिवाय ते कमी फेऱ्यांवर काम करणारे असल्याने मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे ॲक्सलकडे येणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या) ४.१० असेल, तर ते बदलून ३.५५ किंवा त्याहून कमी घेणे मला आवश्यक वाटते.