खोकला पुसू नका

सोव्हिएत पियानोवादक रिख्टरच्या सोफियातल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातला श्रोत्यांचा खोकला 'आता सॉफ्टवेअरने काढून टाकावा' ही सूचना काही पटली नाही. २५ फेब्रुवारी १९५८, बल्गेरियातला हिवाळा, लोक खोकणारच! सवाईला डिसेंबरच्या थंडीत शाली-मफलर गुंडाळून बसलेलं आपलं पुणं काय कमी खोकतं? शिवाय आवाज पुसायला गेलं की पियानोच्या तारांची मागे रेंगाळणारी आसही त्याबरोबर जाते. आधीच मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचं मुद्रण, त्यात आहे तेवढं तरी राहू द्या.

त्या मैफलीत वाजवलेल्या, रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'ला मात्र तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत. अहो, खरा ऐवज तिथेच आहे! बहुतेकांच्या कानात फ्रेंच संगीतकार राव्हेलने १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी केलेलं रूप असतं. मूळ रचना १८७४ची, चित्रकार-वास्तुकार मित्र हार्टमन गेल्यावर लिहिलेली, निव्वळ पियानोसाठी. रिख्टर तीच वाजवतो. 'बिद्लो' हा त्यातला बैलगाडीचा तुकडा संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादित केलेल्या छापील आवृत्तीत हळू सुरू होतो, लांबून गाडी येत असल्यासारखा. मुसोर्ग्स्कीच्या हस्तलिखितात तो पहिल्या स्वरापासून दणदणीत आहे, आणि रिख्टरची गाडीही थेट अंगावरच येते. एकदोन ठिकाणी बोट घसरतं, घसरू दे. स्टुडिओत ते पुन्हा वाजवून दुरुस्त झालं असतं, पण हा आवेश कुठून आणला असता?

आणि त्याच कार्यक्रमातलं संगीतकार लिस्टचं 'फ्यू फोले' हे पियानोवादन लेखात राहूनच गेलं. हेडफोन लावून ऐका.