दीड लिटरच्या थारला लो रेंज द्या

महिंद्राची थार घ्यायची ठरवलेला प्रत्येक जण मला पहिला प्रश्न एकच विचारतो: पेट्रोल घेऊ का डिझेल? माझं उत्तर गेली काही वर्षं बदललेलं नाही. डोंगरात राहत असाल, पावसा-चिखलातून रोजचं येणंजाणं असेल, तर डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी). शहरात राहत असाल आणि महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी घाट चढणार असाल, तर पेट्रोल ऑटोमॅटिक, डोळे झाकून. पण आज लिहायला बसलोय ते तिसऱ्याच एका गाडीसाठी, जी बाजारात मिळत नाही. दीड लिटर डिझेल इंजिन आणि लो रेंज (वेग उतरवून जोर वाढवणारे जादा गिअर) असलेली फोर बाय फोर थार. ती यायला हवी असं मला फार मनापासून वाटतं. का, ते सांगायचं तर आधी इंजिनांबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल.

आम्ही अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचे. घाटघर, साम्रद, रतनवाडी हा आमचा पट्टा. घाटघरला अनेक वर्षी पाऊस 5000 मिलिमीटरच्या पुढे जातो. जून लागला की मुरमाचा रस्ता लोण्यासारखा होतो, फरशी पुलांवरून पाणी वाहायला लागतं आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रोपांच्या जुड्या, खताच्या गोण्या, माणसं, सगळं एकाच गाडीत खाचरापर्यंत न्यावं लागतं. रात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणाला अडली, तरी राजूरचा दवाखाना गाठायचा तो त्याच रस्त्याने. फोर बाय फोर हा आमच्याकडे शौक नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

घरात आधी महिंद्राची एमएम 540 होती. तिच्यात प्यूजोचं 2112 सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, कॉमन रेल नाही, इलेक्ट्रॉनिक्स तर नाहीच. सकाळी हीटर द्यायचा, मग स्टार्टर. आवाज असा की दादा वाडीच्या वळणावर आले की घरात चहाचं आधण चढायचं. ताकद साठेक हॉर्सपॉवर. आजच्या बहुतेक छोट्या कारपेक्षा कमी. तरी ती जीप अशा चढावर चढायची जिथे ट्रॅक्टरवाले विचार करायचे. दादा खाली उतरून पुढची चाकं जोडायला त्यांचे हब हाताने फिरवायचे, लो टाकायचे आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ काढून घ्यायचे. जीप आपली आपण चालत राहायची. 'गाडीला ओढ पाहिजे, पळ नको,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ही ओढ म्हणजे टॉर्क. हॉर्सपॉवर हायवेवर ओव्हरटेक करायला लागते. चिखलात, दगडांत, चढावर उपयोगी पडतो तो कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर) मिळणारा टॉर्क, आणि त्याला अनेक पटींनी वाढवणारी लो रेंज. थारच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) लो टाकली की चाकांपर्यंत जाणारा जोर जवळपास अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. म्हणजे माणूस चालतो त्या गतीने, क्लच न जाळता, गाडी दगडावरून उतरवता येते. ब्रेकला हात लावायची गरज पडत नाही. निसरड्या उतारावर ब्रेक मारला की चाक लॉक होऊन गाडी घसरते. लो-फर्स्टमध्ये ती स्वतःच धरून राहते. ज्याने हा फरक एकदा अनुभवला, त्याला फोर बाय फोर म्हणजे नुसती चारही चाकं फिरणं नाही हे सांगावं लागत नाही.

2010 मध्ये पहिली थार आली तेव्हा तिच्यात दोन इंजिनं होती. एक जुनं डीआय, आणि एक अडीच लिटरचं सीआरडीई, 105 बीएचपी (हॉर्सपॉवर) आणि 247 न्यूटन मीटर टॉर्कचं. चुलतभावाने सीआरडीई घेतली. तिने पहिल्यांदा आमच्यासारख्यांना दाखवलं की जीप नाशिक-पुणे रस्त्यावर ट्रकच्या मागे न रेंगाळताही जाऊ शकते. बसायला कडक होती, मागचे पाटे हाडं मोजायचे, पण त्या इंजिनाचा पिकअप आजही लक्षात आहे.

मग 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली. इथपासून गोष्टी खऱ्या अर्थाने बदलल्या. दोन इंजिनं: 2 लिटरचं एमस्टॅलियन टर्बो पेट्रोल, 150 पीएस (हेही हॉर्सपॉवरचंच माप), मॅन्युअलला 300 आणि ऑटोमॅटिकला 320 न्यूटन मीटर. आणि 2.2 लिटरचं एमहॉक डिझेल, 130 पीएस, 300 न्यूटन मीटर. आम्ही डिझेल मॅन्युअल घेतली. धाकट्या भावाने नाशिकला पेट्रोल ऑटोमॅटिक. त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच पावसात, पुढे-मागे चालवायला मिळाल्या, आणि मी जे सांगतोय ते त्यातून आलंय.

पेट्रोलबद्दल आमच्या भागात उगाच नाकं मुरडली जातात. ते इंजिन उत्तम आहे. कागदावर बघा: पूर्ण टॉर्क मॅन्युअलला 1250 आणि ऑटोमॅटिकला 1500 आरपीएमलाच हजर होतो, डिझेलला 1600 लागतात. आवाज नाही, थरथर नाही, कसारा घाट असा चढते की गाणं बंद करून इंजिन ऐकावंसं वाटतं. ऑटोमॅटिक असल्याने नवशिक्याच्या हातून क्लच जळायची भीती नाही. चढावर मागे घसरत नाही. पहिल्यांदाच ऑफरोड शिकणाऱ्याला मी याच गाडीत बसवेन.

पण ती पिते. भावाची गाडी शहर-हायवे मिळून लिटरला 8-9 देते, लो रेंजमध्ये चिखलातून नेली की त्याहून पुष्कळ कमी. माझी डिझेल 12 च्या आसपास राहते. 57 लिटरची टाकी धरली तर एकीला साडेचारशे-पाचशे किलोमीटर, दुसरीला साडेसहाशेच्या पुढे. पंप जवळ नसलेल्या भागात हा फरक पैशांचा नसतो, परत यायच्या खात्रीचा असतो. पैशांचं गणितही करू. 2025 मध्ये मुंबईत पेट्रोल 103 रुपयांच्या पुढे आणि डिझेल 90 च्या आसपास होतं. पेट्रोलला लिटरला 9 धरले तरी किलोमीटरमागे साडेअकरा विरुद्ध साडेसात. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याचे चार हजार रुपये वाचतात. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीला वाहन कर पेट्रोलवर 12 टक्के आणि डिझेलवर 14 टक्के लागतो, तो जास्तीचा खर्च जोरात चालणारी डिझेल गाडी वर्षभरात भरून काढते. महिन्याला तीनशे किलोमीटर चालणाऱ्याने मात्र हा हिशोब करूच नये, त्याला पेट्रोलच बरं.

आणि शहरातल्या माणसाला डिझेल नको म्हणण्याचं पैशांहून मोठं कारण वेगळं आहे. बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला सायलेन्सरमधलं तापमान खूप वर जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. घर ते ऑफिस चार किलोमीटर, संध्याकाळी भाजी, रविवारी मॉल, अशा गाडीला ती संधीच मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, मालक घाबरतो, सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. माझ्या मेव्हण्याने आपल्या डिझेल गाडीबाबत हे सगळं भोगलंय. गाडीत बिघाड नव्हता, ती फक्त चुकीच्या रस्त्यावर होती. शोरूममध्ये 'तुमचं रोजचं अंतर किती?' हा एक प्रश्न विचारला गेला असता तर ते टळलं असतं. तो विचारला जात नाही याचा मला खरंच राग येतो. पंधरा-सोळा लाखांची गाडी विकताना एवढं विचारणं हे विक्रेत्याचं कर्तव्य आहे.

आता मुद्द्यावर येतो. जानेवारी 2023 मध्ये थारची रिअर व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना जोर देणारी) आली, तिच्यात 1497 सीसीचं डिझेल, एक्सयूव्ही 300 मध्ये होतं तेच. सुरुवातीची किंमत 9.99 लाख. फोर बाय फोरवाल्यांनी तिची भरपूर टिंगल केली. मला ती टिंगल आवडली नाही. ज्याला थार दिसायला आवडते, हायवेवर चालवायची आहे, लोणावळ्याला जायचंय, त्याने गरज नसलेल्या ट्रान्सफर केसचे पैसे का भरावेत? पण मी तिचे आकडे वाचले तेव्हा माझी नजर एकाच ओळीवर अडकली. टॉर्क 300 न्यूटन मीटर. म्हणजे 2.2 लिटरच्या डिझेलइतकाच. तो 1750 ला मिळतो, 1600 ला नाही, आणि पट्टा थोडा आखूड आहे, 2500 पर्यंतचा. पण आकडा तोच.

मग तिला लो रेंज का नाही?

सप्टेंबर 2025 पासून हा प्रश्न जास्तच बोचतो. 22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आतली आणि 1500 सीसीच्या आतलं डिझेल इंजिन असलेली गाडी 18 टक्क्यांत. पेट्रोलला हीच मर्यादा 1200 सीसी. त्यापलीकडे सरसकट 40 टक्के. तीन दारांची थार 3985 मिलिमीटर लांब, म्हणजे लांबीची अट पूर्ण. दीड लिटर डिझेल थारला 18 टक्के. फोर बाय फोर मात्र 2.2 डिझेल किंवा 2 लिटर पेट्रोलमध्येच मिळते, म्हणून तिला 40. कराशिवाय दहा लाखांची गाडी धरा. एक 11 लाख 80 हजारांना पडते, दुसरी 14 लाखांना. त्या फरकावर परत आरटीओचा 14 टक्के. अडीच लाख रुपये! एवढ्या पैशांत आमच्याकडे एका घरावर नवीन पत्रा चढतो आणि वर गोठाही होतो.

मारुतीची जिम्नी घ्या म्हणाल, तर ती 1462 सीसीचं पेट्रोल, म्हणजे 40 टक्के. वजनाने हलकी, चिखलात फार गुणी गाडी आहे, पण 134 न्यूटन मीटरवर चार माणसं आणि खताच्या गोण्या घेऊन घाटघरचा चढ चढायला ती बनलेली नाही. तीन दारांची गुरखा घ्या म्हणाल, तर आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सची ही गाडी पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय) देते, कारखान्यातूनच स्नॉर्केल (पाण्यातून जाताना वरून हवा घेणारी नळी) लावून येते. दणकटपणात तिला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण इंजिन 2.6 लिटरचं. पुन्हा 40. म्हणजे चार मीटरच्या आतल्या, खऱ्या लो रेंजच्या या तिन्ही गाड्या सरकारच्या लेखी चैनीच्या रांगेत उभ्या आहेत. त्याच दिवशी ट्रॅक्टरचा जीएसटी 12 वरून 5 वर आणला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण रात्री दोन वाजता पेशंटला ट्रॅक्टरवर घालून राजूरला नेता येत नाही.

सरकारने नियम बदलावा असं मी म्हणणार नाही, तो लवकर बदलेल असं वाटत नाही. कंपनी मात्र आजच्या नियमात राहून हे करू शकते. करात फोर बाय फोर आणि फोर बाय टू (दोनच चाकांना जोर) असा भेदच नाही, भेद आहे तो सीसीचा आणि लांबीचा. इंजिन घरचं आहे, ट्रान्सफर केस घरची आहे, बॉडी तीच आहे. महिंद्राची थार नाशिकला बनते, इंजिनांचा कारखाना इगतपुरीला, ऑफरोड शिकवायची त्यांची अकादमीही इगतपुरीलाच. म्हणजे आमच्या कळसूबाईच्या पलीकडच्या अंगाला. मधे फक्त डोंगर.

जाणकार यावर म्हणतील की छोटं इंजिन टर्बो भरायच्या आधी मेलेलं असतं, 1500 च्या खाली त्यात जीव नाही. बरोबर आहे. 2.2 च्या इंजिनाला खालून जी नैसर्गिक ओढ आहे ती दीड लिटरला येणार नाही. पण त्यासाठीच तर लो रेंज असते. लो-फर्स्टमध्ये 2000 आरपीएम धरले तरी गाडी माणसाच्या चालीनेच जाते, आणि तिथे टर्बो पूर्ण भरलेला असतो. आमची 540 साठ हॉर्सपॉवरवर जे करायची ते 117 हॉर्सपॉवरला जमणार नाही हे मी मानायला तयार नाही. पुढच्या अॅक्सलचं वजन वाढेल, मायलेज एखाद-दीड किलोमीटरने उतरेल, भर उन्हात चढावर इंजिन जास्त तापू नये म्हणून रेडिएटर मोठा द्यावा लागेल. हे सगळं अभियंत्यांच्या आवाक्यातलं काम आहे. अलॉय नको, मोठी स्क्रीन नको, सनरूफ तर नकोच. स्टीलचे रिम, कापडी सीट, धुता येईल असा फ्लोअर आणि लो रेंजची ती छोटी लिव्हर. एवढं द्या.

भीती एकच वाटते, ती वेगळीच आहे. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला गाड्यांच्या रांगा लागतात, आणि दरवर्षी कुणीतरी नवी फोर बाय फोर खाचरात घालून फिरवतो, बांध फोडतो, व्हिडिओ काढतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथे रस्ता सोडून गाडी घालायला परवानगी नाही. आणि खाचर म्हणजे कुणाच्या तरी वर्षाचा भात असतो. गाडी स्वस्त झाली की हा प्रकार वाढेल असं गावातले काही जण म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण त्यावर इलाज दंडाचा आहे. आमच्या लोकांनी त्यासाठी महाग गाडी घ्यावी हा नव्हे.

आत्ताच गाडी हवी असणाऱ्यांनी नवीनच्या मागे न लागता 2020-21 ची वापरलेली 2.2 डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर बघावी. बघायला जाताना पावसाळ्यात चिखल असलेल्या जागी न्यायला सांगा. मालक कां-कूं करत असेल तर कारण विचारा. लो टाकून गाडी दहा-वीस फूट चालवा, लिव्हर अडकते का, खालून कर्कश आवाज येतो का ते ऐका. पुढच्या अॅक्सलच्या सीलमधून तेल झिरपतंय का बघा. थर्डमध्ये चढावर पाय दाबून बघा: आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट गेलेली आहे. गालिचा उचलून सीटखालचा पत्रा हाताने चाचपा, पाण्यात बुडालेली गाडी तिथे सापडते. आधीचा मालक फक्त शहरात वापरत होता, असं अभिमानाने सांगत असेल तर डीपीएफची स्थिती स्कॅनर लावून तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

कमेंटमध्ये आपलं गाव, रोजचं अंतर आणि घरापर्यंतचा रस्ता कसा आहे ते लिहा, कुठलं इंजिन घ्यावं ते मी माझ्या परीने सांगेन. आणि ज्यांना दीड लिटरची फोर बाय फोर हवीशी वाटते त्यांनी तालुक्याच्या नावासकट तसं लिहा. अकोले, जव्हार, मुळशी, राजगड (आधीचं वेल्हे), महाबळेश्वर, चंदगड, सगळीकडून लिहा. ही यादी मी कंपनीकडे पाठवणार आहे.