‘वाय’ गुणसूत्र झिजून संपणार, ही आवई

समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा: पुरुषांचे वाय गुणसूत्र झिजत चालले आहे, शुक्राणूंची संख्या त्यामुळेच घटते आहे, सत्तरीतल्या 40 टक्के पुरुषांत ते उरतही नाही आणि अखेर पुरुषजातच नाहीशी होणार. यातले प्रत्येक विधान कुठल्यातरी खऱ्या संशोधनाला चिकटलेले आहे, म्हणूनच ते पटकन पटते.

आधी झिजेचे पाहू. एक्स आणि वाय ही मुळात एकसारखी जोडी होती आणि गेल्या सुमारे 18 कोटी वर्षांत वायने आपली बहुतेक मूळ जनुके गमावली, हे खरेच आहे. मात्र वाय ‘आणखी 1 कोटी वर्षांत’ संपेल हा 2002 मध्ये मांडला गेलेला अंदाज झीज त्याच गतीने चालू राहील असे धरून केलेला होता, आणि तिथेच गणित चुकते. मानव आणि रीसस माकड यांचे वंश सुमारे 2.5 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड पेज यांच्या गटाने 2012 मध्ये दोघांचे वाय ताडून पाहिले, तेव्हा एवढ्या काळात माणसाने मूळ जनुकांपैकी एकच गमावल्याचे आणि माकडाने एकही न गमावल्याचे दिसले.

शिवाय शुक्राणूनिर्मितीची कित्येक जनुके वायवर ‘रामाला भाला मारा’सारख्या, दोन्हीकडून सारख्याच वाचता येणाऱ्या लांबलचक पट्ट्यांत बसलेली आहेत, त्यामुळे एक प्रत बिघडली तर दुसरीवरून ती दुरुस्त होऊ शकते. गंमत अशी, की प्रतींचे हे सारखेपण कधी अंगलटही येते: वडिलांच्या शरीरात शुक्राणू घडताना चुकीच्या प्रती एकमेकींशी जुळतात आणि मधला तुकडा गळून पडतो; मुलाला मग असे तुटके वाय मिळते. वीर्यतपासणीत शुक्राणू आढळले नाहीत किंवा फारच थोडे आढळले, तर त्या पुरुषाच्या रक्ताची पीसीआर चाचणी (डीएनएचे ठरावीक तुकडे आहेत की नाहीत हे पाहणारी) करतात. तीत वायवरच्या एसआरवाय या नर घडवणाऱ्या जनुकाची रेषा ठळक दिसली आणि एसवाय 254 व एसवाय 255 या वायवरच्या खुणांच्या जागा कोऱ्या राहिल्या, तर एझेडएफसी हा शुक्राणूनिर्मितीला लागणारा वायचा भाग गेलेला असतो. बहुतेक वेळा वडिलांचे वाय धडधाकट असते. हा त्या एका माणसाच्या वाट्याला आलेला अपघात आहे, वंशाची झीज नव्हे.

शुक्राणूंची संख्या जगभर घटते आहे का, यावर संशोधकांत अजून वाद आहे. ती घटत असली तरी 40–50 वर्षांतला बदल कोट्यवधी वर्षांच्या झिजेच्या माथी मारता येत नाही. धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायामशाळेतली स्टिरॉइड यांचा विचार आधी करावा लागतो. मुळात शुक्राणू घडवणारी बहुसंख्य जनुके वायवर नाहीतच. वायवरच्या डीएझेड या शुक्राणूनिर्मितीच्या जनुकाचे मूळ जनुक डीएझेडएल तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, तर गुणसूत्रांच्या जोड्या जुळवायला लागणारे टेक्स 11 एक्सवर. क्लाइनफेल्टर स्थितीत वाय पूर्ण असते, तरी एका जादा एक्समुळे वीर्यात बहुधा शुक्राणू सापडत नाहीत.

सत्तरीचा आकडा रक्तपेशींचा आहे. वय वाढते तसे काही रक्तपेशी वाय गमावतात, धूम्रपान करणाऱ्यांत अधिक. पण 40 टक्के पुरुषांत अशा पेशी सापडतात, याचा अर्थ त्यांच्या सर्व पेशींतून वाय गेले असा होत नाही.

राहिला पुरुषजातीच्या अंताचा प्रश्न. जपानच्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदरांनी वाय केव्हाच गमावले आहे आणि त्यांच्यात एसआरवायही नाही. सॉक्स 9 या जनुकाजवळ डीएनएचा एक तुकडा दुप्पट झाला असून नर घडवण्याचे काम तोच करत असावा, असे 2022 मध्ये दाखवण्यात आले. या उंदरांत नर जन्मतात आणि त्यांना पिल्लेही होतात.