‘घरात कोणी अपंग आहे का?’ हा प्रश्न आता बंद करा

जनगणना असो की एखादी पाहणी, दारात उभ्या असलेल्या प्रगणकाने असं विचारलं की उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येतं. आजोबांना शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही, पण ते वयामुळे. मुलीच्या लक्षात काही राहत नाही, पण ते परक्याला कशाला सांगायचं? त्या एका ‘नाही’मुळे दोघंही हिशेबाबाहेर जातात.

वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न मला म्हणून महत्त्वाचे वाटतात. अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या अखत्यारीत 2001 साली हा गट स्थापन झाला. प्रश्न अगदी साधे. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? श्रवणयंत्र असूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? आठवायला, लक्ष लावायला? अंघोळ करायला, कपडे घालायला? नेहमीच्या भाषेत आपलं सांगायला आणि दुसऱ्याचं समजून घ्यायला? उत्तरं चार: काहीच त्रास नाही, थोडा, खूप, जमतच नाही. एका बाबतीत जरी ‘खूप’ किंवा ‘जमतच नाही’ असेल, तरी ती व्यक्ती मोजली जाते. कुणावर शिक्का नाही, कुणाकडे प्रमाणपत्र मागायचं नाही.

या प्रश्नांतूनही माणसं सुटतात. नैराश्य, चिंता त्यात नीट येत नाहीत. त्यासाठी विस्तारित संच वापरावा लागतो. लहान मुलांसाठी युनिसेफबरोबर वेगळी प्रश्नावली केली आहे. आणि फक्त घरोघरी फिरणारी पाहणी निवासी संस्थांच्या आत पोहोचतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 130 कोटी, म्हणजे सुमारे 16 टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे. एखाद्या देशाची गणना दोन टक्क्यांवर थांबली, तर मी आधी तिथली प्रश्नावली बघेन.

पण नुसती संख्या घेऊन करायचं काय? हेच सहा प्रश्न रोजगाराच्या, शाळेच्या, आरोग्याच्या पाहणीत घाला. मग कळेल की खूप त्रास असलेल्या किती जणांना काम मिळतं आणि इतरांपैकी किती जणांना. धोरण ठरवायला ही तफावत लागते.

माहिती द्यायला लोक घाबरतात, आणि त्या भीतीला इतिहास आहे. 1939 मध्ये नाझी जर्मनीत संस्थांकडून रुग्णांची माहिती फॉर्मवर भरून घेतली गेली. त्याच फॉर्मवरून कुणाला मारायचं ते ठरलं आणि 1940-41 मध्ये सत्तर हजारांहून अधिक माणसं विषारी वायूने मारली गेली. त्यामुळे गोपनीयतेची हमी आधी, प्रश्न नंतर, यावर मी अडून राहीन.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम 31 ही हमी मागतं. जमा झालेली आकडेवारी अपंग व्यक्तींनाही वापरता येईल अशा स्वरूपात द्यावी, असंही ते सांगतं. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ टाकून हे होत नाही. अंध माणसाचा स्क्रीन रीडर वाचू शकेल असे तक्ते द्या, आणि पुढची प्रश्नावली ठरवायला त्याच लोकांना बोलवा.