ऑक्सिजनच्या टाकीचा पुरेपूर वापर कसा करावा

परवा दवाखान्यात मामांना बघायला गेलो. बाहेर येतो तर पार्किंगवाल्यानं माझी गाडी ओढत नेऊन लिक्विड ऑक्सिजनच्या टाकीच्या जाळीला टेकवलेली, पुढं अजून चार रांगा. म्हटलं भाऊ, इथं नको लावत जाऊ, तर म्हणे, "टाकी काय खायलीय का तुमच्या गाडीला?" वर दहा रुपये घेतले. तेव्हा दवाखानेवाल्यांसाठी अन् आपल्यासारख्या नातेवाइकांसाठी थोडं मार्गदर्शन.

टाकीपाशी सावली असते, म्हणून पार्किंग तिथंच करा. 'धूम्रपान निषेध'च्या पाटीला हेल्मेट छान अडकतं. अमेरिकेत एनएफपीए ५५ नावाचा कोड, म्हणजे आगीपासून बचावाची नियमावली हाय, उभ्या गाड्या टाकीपासून किमान १० फूट लांब ठेवा म्हणतो. त्यांच्याकडं जागा लई, त्यांचं काय जातंय.

मे महिन्यात पेशंटच्या लोकांना व्हेपोरायझरजवळ, म्हणजे लिक्विड ऑक्सिजनचा गॅस करणाऱ्या नळ्यांजवळ, सतरंजी टाकून द्या. टाकीत उणे १८३ डिग्री, बाहेर परभणीचं ऊन, पांढरं धुकं फुकटात. एरवी ते धुकं हवेतल्या बाष्पाचंच असतं म्हणा. गळती असली तर ऑक्सिजन जड होऊन खालीच बसतो, कपड्यात मुरतो, त्याला वास नाही, रंग नाही, मग बिडी पेटवली की कळतंच.

व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी ऑपरेटरनं भजे खावेत. तेल अन् दाबाखालचा ऑक्सिजन भेटले की काडीची गरज पडत नाही, तेवढीच बचत.

आता डांबर. मोठे साहेब येणार म्हटल्यावर आवार चकाचक पाहिजेच, म्हणून कॉन्ट्रॅक्टरनं रातोरात डांबर मारलं अन् ते थेट टाकीच्या तोंडापर्यंत नेलं, जिथं टँकर उभा राहून पाइप जोडतो तिथपर्यंत. लई भारी दिसतंय. फक्त एवढंच की लिक्विड ऑक्सिजन भरताना थेंब सांडतात, ते डांबरात मुरले की डांबर नुसतं जळत नाही, त्याच्यावर पाना पडला किंवा बुटाची टाच आपटली तरी स्फोट होऊ शकतो. म्हणून तर तिथं काँक्रीट लागतं, कोडमधी डांबराला जळणारी वस्तूच धरलंय, अन् हे ज्याला टाकी बसवायचं लायसन्स मिळालं त्याला माहीत नसतं का हो? नागपूरच्या पेसोची, म्हणजे असल्या टाक्यांना लायसन्स देणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याची, परवानगी फ्रेम करून भिंतीवर लावली, नकाशा फाइलमधी घातला, अन् त्याच नकाशातल्या मोकळ्या जागेत चहाची टपरी, स्टोव्ह, गाड्या, डांबर, सगळं घुसवलं! कामून? तर साहेबांच्या बुटाला धूळ लागू नये म्हणून!

आग विझवायची यंत्रणा ठीक हाय असं सांगणारा फॉर्म बी जानेवारीत अन् जुलैत वेळेवर भरा. कागद बघितला की आग घाबरते.

वॉर्डात ऑक्सिजनचा मास्क काढून चालूच गादीवर ठेवा, उशाला देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावा. हे दवाखानेवाले नाही करत, आपणच करायलोत.

काही होत नाही म्हणता ना? २०२१ मधी भंडाऱ्यात दवाखान्याच्या आगीत १० बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिकला टाकी गळली, आग सुद्धा लागली नाही, नुसता पुरवठा तुटला अन् कमीत कमी २२ पेशंट गेले. दोनच दिवसांनी विरारला अतिदक्षता विभाग पेटला. नोव्हेंबरात नगरला तेच. प्रत्येक वेळी चौकशी, ऑडिट, अन् मग जाळीला परत गाड्या टेकल्याच.

बस झालं आता. मॅनेजरसाहेब, टँकर यायच्या आत ते डांबर उकरा अन् काँक्रीट टाका. टपरी गेटबाहेर काढा. पार्किंगचा ठेका तुमच्या माणसाचा हाय हे सगळ्या गावाला माहीत हाय, त्याला दुसरीकडं जागा द्या नाहीतर ठेका मोडा. आत माणसं नळीला बांधलेली पडलेत, त्यांना उठून पळता येत नाही.